राखणदाराचा हाफटाइम

अंबरनाथ पूर्व,
मंगळवार

तीर्थरूप हिंदुरावमामा यांना,

भाच्याचा, म्हणजे प्रज्वलचा, दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (खरं तर एकच टेकवता येतो, दुसऱ्यात स्क्रू आहे. तो मनाने टेकवला असं समजावं.) वांगणीच्या हवेत तुमचा खोकला थांबला असेल आणि बनूमामींच्या परसातले वाल भरले असतील अशी आशा आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. तुमचा फोन मामी स्पीकरवर ठेवतात आणि मग अर्धी वांगणी ऐकते. शिवाय हा विषय मोठ्याने बोलायची मला भीती वाटते. खरंच वाटते.

माझा धंदा तुम्हाला कधी पटला नाही. सोळा वर्षं मी फुटबॉलमध्ये डिफेंडर आहे, म्हणजे आपल्या गोलपुढे उभं राहून कुणाला आत येऊ द्यायचं नाही. उल्हासनगरच्या धुळीत सुरुवात केली, गोवा, कोलकाता, केरळ असा पोटासाठी फिरलो आणि चौतिसाव्या वर्षी पुन्हा आपल्या पालेगावात येऊन पोचलो. मामी अजून विचारतात, किती गोल मारलेस? मारले तीन, त्यातले दोन आपल्याच जाळ्यात. डिफेंडरचा फोटो पेपरात येतो तो गोल खाल्ल्यावर, मागच्या बाजूला, कमरेवर हात ठेवलेला. तरी मला याशिवाय दुसरं काही येत नाही, आणि क्लबशी करार या महिनाअखेर संपतोय. तो एक वर्ष वाढावा, एवढंच मला हवं आहे.

आता मुद्द्याचं. क्लबचं नवं मैदान म्हणजे तुम्ही बिल्डरला दिलेलं तुमचं पालेगावचं शेत. वरचं गवत विकतचं आहे, पण खालची माती मी ओळखली. पहिल्या सामन्याआधी नारळ फोडायचा होता आणि गाववाला म्हणून तो माझ्या हातात दिला. लहानपणी शेताची हद्द सांभाळणाऱ्या न दिसणाऱ्या राखणदाराला राखण, म्हणजे त्याच्या मानाचा कोंबडा, द्यायला तुम्ही निघालात की तो कोंबडा धरून मी मागे यायचो (तो मला चोचायचा आणि तुम्ही हसायचात). त्यामुळे नारळ हातात येताच तोंडातून तुमचेच शब्द गेले: 'बाबा, ही हद्द तुझी, आत कुणाला येऊ देऊ नको.' आणि हाताने दाखवली कुठली हद्द, तर आमच्या गोलपुढच्या पेनल्टी बॉक्सची पांढरी रेष! तुम्ही पुढे 'पीक घरात येईस्तोवर' असं म्हणायचात. ते मी विसरलो. मुदतच घातली नाही.

त्या सामन्यात समोरचा फॉरवर्ड मला चकवून सुटला. मी म्हटलं, संपलो. आणि तो रेषेवर थांबला. चेंडू पायात, पुढे एकटा गोलकीपर, आणि हा गडी रिकाम्या जागेकडे बघत उभा. मग चेंडू तिथेच सोडून हळूहळू मागे सरकला. आमचा गोलकीपर सोहम उल्हासनगरचा आहे, कुणाच्या बापाला घाबरत नाही. तो नंतर माझ्या कानाशी आला. "प्रज्वलभाई, तो अनवाणी कोन उभा असतो रे तुझ्या मागे? अपने टीम का है क्या?" मी वळून बघितलं नव्हतं. डिफेंडर मागे बघत नाही, मागे आपला माणूस आहे हे त्याला कानाने कळतं. मला कळत होतं, मामा. ओल्या घोंगडीचा वास येत होता आणि माझ्या श्वासाबरोबर आणखी एक श्वास चालला होता.

पंचाईत झाली ती दुसऱ्या हाफला. हाफटाइमनंतर बाजू बदलतात हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने तीच हद्द धरून ठेवली आणि आमच्याच फॉरवर्डला आत सोडेना. असे तीन सामने हातचे गेले. चौथ्याला मी बुटाची नाडी बांधायचं नाटक करून वाकलो आणि पुटपुटलो, 'बाबा, चला, आता हद्द तिकडे.' मधली रेष ओलांडताना माझ्यामागून गवत दबत आलं. त्यानंतर पाच सामन्यांत आम्ही एकही गोल खाल्लेला नाही, आणि मी जाईन तिथे तो येतो.

म्हणजे घरीसुद्धा. लिफ्ट असताना तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यावर चिखलाची पावलं असतात. तुमची सून तेजस्वी आधी मलाच ओरडली. आता ती दार उघडून माझ्यामागच्याला वाट देते आणि मगच लावते. कुरियरवाला वर येत नाही. परवा सासूबाई आल्या आणि पाऊण तास उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, पाय उचलेना. (पहिला अर्धा तास मला मजा वाटली, हे कबूल करतो.) मग त्या रडायला लागल्या तेव्हा मात्र मीच बाहेर जाऊन त्यांना रिक्षात बसवून आलो. तेजस्वी म्हणते, मामांना आजच बोलवा आणि त्याला मोकळं करा. मी म्हणतो, करार होऊ दे.

तेव्हा तुम्ही यावं, पण महिना उलटल्यावर. कोंबडा मी आणतो. मामींना नमस्कार, आणि खोकल्याला जपा.

तुमचा,
प्रज्वल

ता. क. वरचं सकाळी लिहिलं. दुपारी मॅनेजर दिनानाथ सरांनी बोलावलं. माझा करार वाढवत नाहीत. म्हणाले, "तुझं वय झालं रे. पण तुझ्या मागे तो बिनबुटाचा खेळतो ना, त्याला आपण तीन वर्षं घेतोय. सही घेऊन ये त्याची." फॉर्म माझ्याच हातात दिला. मामा, राखण देताना तुम्ही त्याचं नाव ओठांतल्या ओठांत घ्यायचात, मला कधी ऐकू आलं नाही. सर नाव मागतायत. काय लिहू?

ता. ता. क. नाव राहू द्या. मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात फॉर्मवर सहीच्या जागी अंगठा उठला आहे. मातीचा, अजून ओला. पत्र मिळताच निघा. तो तुमचं ऐकतो. त्याला एवढंच सांगा, की बाबा, दुसरं कुठलंही शेत घे, पण या पोराची जागा घेऊ नको.