ओव्हन पेटला, त्याची हकिकत

रोसारिओ, जुलैतला सोमवार

प्रिय एर्मिनियाताई,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. ऐन जुलैच्या थंडीने तुझा गुडघा पुन्हा कुरकुरत असेल, आणि भावजींचा खोकला गेला नसेलच (वाफ घ्या म्हणावं, माझं नाव सांगून). आम्ही मजेत आहोत.

ओफेलिया माहेरी तिच्या आईकडे गेली आहे आणि काल नेमके आमच्या ग्रिसेल्डाचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच जेवायला यायचे होते. ओफेलिया म्हणाली, पुढे ढकला. मी म्हटलं, एम्पनादा मीही करतो, त्यात काय मोठंसं! सारण झालं, करंजीसारख्या कडा मुरडून झाल्या, आणि ओव्हन पेटेना. वरच्या शेगड्या ढणढणा जळतात. खाली काडी लावली की ज्योत येते, आणि दाबलेलं बटण सोडलं की भप्प, विझली! ग्रिसेल्डा रडकुंडीला आली. "बाबा, विकतचं आणू या ना!" तिला म्हटलं, पोरी, बाप जिवंत आहे. त्या ज्योतीपाशी तांब्याची एक बारीक दांडी असते. ती तापली तरच गॅस चालू राहतो. (हे शेजारच्या नेमेसिओने सांगितलं असं तो सांगत फिरेल. मला ठाऊकच होतं, तो फक्त आधी बोलला.) दांडीवर काजळी होती. ग्रिसेल्डाच्या नखांच्या कानशीने मी ती घासून लख्ख केली, बटण सगळा जोर लावून दाबून धरलं, सोडलं, आणि ज्योत टिकली! ताई, त्या क्षणी तू हवी होतीस.

पाहुणे आले. सासरे, डॉन एवारिस्तो, म्हणजे घुम्या माणूस. पण सासूबाईंनी एम्पनादा तिसऱ्यांदा वाढून घेतल्या तेव्हा तेही खुर्चीत जरा सैल झाले. मग मी ओव्हन बंद करायला गेलो आणि बटण हातात आलं. आतली पिनही तुटलेली. ज्योत आपली मजेत. स्वयंपाकघराची भट्टी झाली तसे डॉन एवारिस्तो मुकाट्याने उठले आणि त्यांनी बाहेर मीटरपाशी अख्ख्या घराचा गॅस बंद केला. त्याबरोबर हीटरही गेला. मग आम्ही सगळे ओव्हरकोट चढवून एकाच सोफ्यावर दाटीवाटीने बसलो, सासूबाई ग्रिसेल्डाच्या शालीत शिरल्या, आणि तो घुम्या माणूस एकाएकी खो-खो हसत सुटला. म्हणाला, "सून पसंत आहे. फक्त व्याह्यांनी आमच्या ओव्हनला हात लावायचा नाही." लग्न सप्टेंबरात. एकूण दुरुस्ती यशस्वी झाली.

तुझा,
रोहेलिओ

ता.क. ओफेलिया गुरुवारी येते. तोवर घरात थंडगार पाव खातो आहे. तुझा ओव्हन आमच्यासारखाच, आणि तू काही भाजत नाहीस; त्याचं बटण आणि पिन मला हवी आहेत.

आणखी एक. भावजींना काढायला लावू नकोस, त्यांना त्यातलं कळत नाही. मी स्वतः बुधवारी येतो.