टिन लाइटहाऊसची कॅसेट

सोम. ११ ऑगस्ट १९८६
पाऊस. गिऱ्हाईक नाही. अकराला एक पुणेकर आला, दीक्षित. इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला नवीन लागलाय. छत्री बाहेर झटकायची सोडून माझ्या काउंटरवर झटकली. "मालक, ही एलपी कॅसेटवर भरून हवी होती." हवी होती म्हणे. मुंबईत फुटपाथवर मिळाली त्याला.

पिशवीतून काढली तर टिन लाइटहाऊस. आमचीच. चार जणांचा आमचा बँड, एकुलती एक रेकॉर्ड. दहा वर्षांत दुसऱ्याच्या हातात प्रथमच बघितली. शनिवारी या म्हटलं.

शनि. १६ ऑगस्ट
पुणेकराने तासभर डोकं खाल्लं. सत्तरच्या दशकात आपल्याकडे असलं आर्ट रॉक होतं आणि कोणाला पत्ता नाही, केवढा अन्याय वगैरे. मग गिटारवाल्याची आरती सुरू. सदानंद असा, सदानंद तसा, परदेशात असता तर कुठल्या कुठे गेला असता. मी पावती लिहितोय.

शेवटी म्हणाला, "ड्रमवाल्याचं नाव कव्हरवर नाही. कोणी भाड्याने आणलेला असेल. ठीक वाजवलंय."

ठीक!

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं मुद्दाम अर्ध्यात तोडून दिलं होतं. आधी थोडं वाईट वाटत होतं, ते गेलं.

मंगळ. १९ ऑगस्ट
शैला म्हणते, चार दिवस तुम्ही नुसते खेकसताय, झालंय काय? तिला काय सांगणार. इथेच लिहितो.

सदा हेदवीकडचा, मी इथला. मुंबईत गोदीतल्या नोकरीत भेटलो. त्याची गिटार, माझे ड्रम, बाकी दोघे वांद्र्याचे. पाच वर्षं दिवसा गोदी, संध्याकाळी तालीम. रेकॉर्ड निघाली तेव्हा कव्हरवर 'संगीत: सदानंद'. माझं नाव नाहीच. विचारलं तर म्हणाला, छापणाऱ्याची चूक. मग दुसरी रेकॉर्ड ठरली. तारखेला आम्ही तिघे स्टुडिओत बसलोय आणि हा गावी निघून गेलेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मागून कळलं, वडील आजारी. तार करता आली नसती? एक तार?

बँड तिथेच संपला. नंतर मी ड्रम विकले, नोकरी सोडली, इथे राम आळीत कॅसेटी भरायचं दुकान टाकलं. लोकांच्या आवडीची गाणी लोकांच्या कॅसेटवर. माझं काय उरलंय त्यात?

शनि. २३ ऑगस्ट
पुणेकर परत. अर्ध्या गाण्याची तक्रार करेल म्हणून तयारीत होतो. तर हा नाचतच आला. सदाचा पत्ता शोधला म्हणे, पत्र टाकलं, उत्तरही आलं! हेदवीलाच असतो, शेती बघतो. त्याला कॉलेजच्या गॅदरिंगला बोलावणार.

"आणि मालक, त्यांची एक अठरा मिनिटांची रचना होती, 'भरती'. रेकॉर्ड व्हायची राहिली. तालमीत केलेली एकच कॅसेट आहे, ती ड्रमरकडे. पण तो मुंबईत कुठे असतो ते त्यांना ठाऊक नाही. तुमच्या लाइनमधला कोणी ओळखीचा निघेल का?"

म्हटलं, नाही.

कॅसेट खालच्या खणात होती. त्याच्या गुडघ्यापासून हातभर लांब.

बुध. २७ ऑगस्ट
गणपती तोंडावर. आरत्या भरून भरून कान किटले. खालचा खण दोनदा उघडला, दोनदा लावला. ऐकलं नाही. त्याची गिटार ऐकायला लागेल म्हणून नाही ऐकलं. शेवटचं ऐकून सहा वर्षं झाली असतील.

शैला: "जेवताना ताटावर बोटं वाजवू नका, आमटी सांडते."

सोम. १ सप्टेंबर
आज जे केलं ते नीट लिहून ठेवतो.

दुपारी दोनला सहा जण आले, ढोलकी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. तवसाळला तरीच्या होडीत बसून खाडीपलीकडे जयगड, तिथून एस.टी. जाखडी नाचाची पार्टी. गणपतीत यांचा पलीकडच्या वाडीशी सामना. नाचणारे निम्मे मुंबईत असतात, म्हणून नवीन गाणी कॅसेटवर भरून मुंबईच्या खोलीवर पाठवायची, म्हणजे तिकडचे तिकडे पावलं बसवतात. माणूस संध्याकाळच्या गाडीने जायचा. कॅसेट आत्ताच हवी.

कोरी कॅसेट एकही शिल्लक नव्हती. परत पाठवणार होतो. गाव विचारलं. हेदवी.

माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, बरं झालं. सदाच्याच गावाच्या गळ्याने सदाला पुसून टाकू, मग पुणेकराला म्हणावं, बोलव गॅदरिंगला.

कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन तुकडे मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. 'भरती'चे मी तेव्हाच मोडले होते. आज त्या भोकांवर चिकटपट्टी लावली, सरळ, सुरकुती न पडू देता. कॅसेट सुरुवातीपर्यंत मागे नेऊन रेकॉर्डचं बटण दाबलं.

पहिलं गाणं गणाचं, साधा ठेका. दुसरं सुरू झालं आणि ढोलकीवाल्याने साडेसात मात्रा धरल्या. शेवटच्या अर्ध्या मात्रेवर पाय घसरतोय असं वाटतं आणि घसरत नाही. जाखडीत असला ठेका नसतो. कुठेच नसतो. तो मी गोदीत पेट्या मोजताना बसवलेला आहे. 'भरती'चा आहे.

बंद केलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"हा ठेका कुठून आणलात?"

ढोलकीवाला धोंडू, चाळिशीचा असेल. म्हणाला, "आमच्या सदादादांनी शिकवलान. तोंडानं बोल सांगलान नि मी हातात बसवला. मुंबयत त्यांचा दोस्त हुता, रमाकांत म्हणून, त्याचा हाय. चुकलो तर वराडतात, रम्याचा हाय, नीट वाजीव."

शैला चहा घेऊन मागे उभी होती. कशाला बोलायला जावं? "अहो, मग हेच की ते रमाकांत!"

धोंडू पाया पडायला वाकला. मी ओरडलो त्याच्यावर. सगळ्यांवरच ओरडलो. मग सिनेमाच्या गाण्यांची विकायला ठेवलेली कॅसेट होती, तिच्यावर त्यांची सगळी गाणी पहिल्यापासून भरून दिली. निघताना धोंडू म्हणाला, "दादांना सांगतो. कवापासून शोधतायत."

मंगळ. २ सप्टेंबर
दुकान उघडलं नाही. ती कॅसेट कसली, हे शैलाला काल सांगितलं. म्हणाली, "बोलायचं त्या माणसाशी होतं, कॅसेटने काय केलं होतं?"

मी ताट सारलं.

एवढाच पुळका होता तर कव्हरवर नाव का नाही घातलं? एक तार का नाही केली? ठेका शिकवला म्हणून हिशोब फिटला? नाही फिटत. पण त्याने धोंडूला 'हा माझा ठेका' असं सांगितलं असतं तरी हेदवीत कोणाला कळणार होतं?

बुध. ३ सप्टेंबर
पुणेकर आला. धोंडूमार्फत सगळीकडे बभ्रा झालेला. मला मालक म्हणायचं सोडून सर म्हणायला लागला. सर, तुम्ही बोलला का नाहीत? म्हटलं, तुम्ही ठीक म्हणाला होतात. त्याचा चेहरा पडला. पाच मिनिटं बरं वाटलं.

सदाने सकाळी गावातल्या माणसाबरोबर त्याच्याकडेच चिठ्ठी पाठवलेली. मला दोनच ओळी. "उद्या दुपारच्या गाडीने येतो. 'भरती' जपली असशीलच, उपकार झाले."

गुरु. ४ सप्टेंबर
सकाळी हिंमत करून 'भरती' लावली. आधी गणाचं गाणं, मग धोंडूचा ठेका, मग खट्. सात मिनिटं. आणि लगेच सदाची गिटार, ताजी, एक सूर न डागाळलेली, शेवटपर्यंत.

मूळ 'भरती'त पहिली सात मिनिटं गिटार नव्हतीच. तो तेव्हा बाजूला बसून नुसता ऐकायचा. ती सात मिनिटं मी एकटाच वाजवायचो.

गाडी दोनला येते. त्याला सांगायचं की नाही, ठरत नाही. चहा पिईल, इकडचं तिकडचं बोलेल, मग पाठ टेकून बसेल आणि म्हणेल, रम्या, पहिल्यापासून लाव.