जीपचा कौल

प्रिय इंदू,

चाळीस वर्षांच्या संसारात तुला कधी नावानं हाक मारली नाही, आणि आज लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीत नाव आलं. हसू नकोस. 'अगं, ऐकलंस का' असं पत्रात कसं लिहायचं?

पत्राचं कारण सांगतो. उद्या सकाळी मी आणि मंदा राजापूरला जाऊन जीप आणतोय. होय, जीप! गेल्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध झालं. म्हटलं, आता वर्ष उलटलं, गाडी दारात येण्याआधी देवीला पुन्हा एकदा विचारावं. म्हणून आज दुपारी देवळात गेलो, आणि तिथं बाळा गुरवानं मला जे सांगितलं त्यानं माझं डोकं ठिकाणावर नाही. तू असतीस तर चांगला तास-दोन तास भांडलो असतो. आता ओटीवर बसून हा कागद खरडतोय. तुझी सून मंदा आत चहाचं आधण ठेवतेय.

ऐंशी सालचा मे महिना आठव. आपली बाग वर सड्यावर, घर खाली वाडीत, आणि मधली वाट ही अशी! आंब्याची प्रत्येक पाटी डोक्यावरून खाली यायची. मी म्हटलं, एक जुनी जीप घेऊ या. मुंबईत पंधरा वर्षं कंपनीची गाडी चालवलेला माणूस मी, घरी येऊन पाट्या मोजत बसलो होतो. बागेचंही काम होईल, आणि काम नसेल तेव्हा तुला मांडवीला नेईन, समुद्राकडे तोंड करून बसवीन, असंही म्हणालो होतो. तुला ते मांडवीचं फार होतं. एकदाच गेलो होतो आपण, तेही एस.टी.ची वेळ गाठायची म्हणून दहा मिनिटांत उठलो.

तू म्हणालीस, "देवीला इचारते." गेलीस, आणि परत आलीस ती खाली मान घालून. गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या आणि डावीकडची पडली, म्हणालीस. डावा कौल, म्हणजे नकार. मी तीन दिवस कुणाशी धड बोललो नाही. पण देवीच्या पुढे कोण जाणार? जीपचा विषय मिटला.

मग पुढची चार वर्षं आपण पाट्याच वाहिल्या. गडी असायचे, पण तू कधी रिकाम्या हातानं खाली आली नाहीस. आणि तुझी ती खोड! चढताना नेहमी माझ्या मागे, उतरताना नेहमी माझ्या पुढे. मी म्हणायचो, "उतरताना तुला कुठली गाडी पकडायची असते गं?" तू पाटी सावरून पुढे निघायचीस. संध्याकाळी पडवीत बसून गुडघ्यांना तेल चोळत राहायचीस.

तू गेल्यावर मंदानंच जीपचा विषय काढला. आपला प्रकाश मुंबईत, मी साठीच्या पुढे, बाग तिच्यावरच आलीय. आणि गाड्यांतलं तिला कळतं गं. सावर्ड्याला हायवेवर तिच्या वडिलांचं गॅरेज, हे आपल्याला माहीत होतं. पण ती तिथं नुसती डबा पोचवायला जात नव्हती, हे मला आत्ता कळलं. लग्नाच्या आधीचं लायसन आहे तिच्याकडे! तुला माहीत होतं का? असणारच. तुला सगळंच माहीत असायचं.

पहिल्यांदा रत्नागिरीला तीनचाकी टेम्पो बघितला. नवा, चकचकीत. मी रिकामी आंब्याची पेटी बरोबर नेली होती, ती आत ठेवून किती मावतील याचा हिशेब करत होतो. मंदा पुढच्या चाकाकडे बघत म्हणाली, "मामंजी, आपल्या वाटेला दोन चाकोऱ्या, मधी उंचवटा. हेचं पुढचं एकटं चाक कुठनं जायचं?" मी पेटी उचलली. ट्रॅक्टरचं मी बोललो, तर म्हणाली की व्हाळाच्या पाण्यापाशी वळणावर ट्रॉली फिरणार नाही, आणि ट्रॉलीत बसून मांडवीला कोण जाईल? मांडवीचं तिला कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.

मग एक लष्करातली जुनी जीप बघितली. हिरवागार रंग, काय तिचा तोरा! मी तर बसलोच आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मंदानं पदर खोचला, पोतं अंथरलं आणि सरळ गाडीखाली शिरली. चार माणसांसमोर, इंदू! तो विकणारा माझ्याकडे बघतोय, मी आकाशाकडे. ती बाहेर आली तेव्हा बोटाला गंजाचा भुगा. समुद्राकाठी राहिलेली गाडी. वरून रंग आणि खाली खाऱ्या हवेनं सगळं खाल्लेलं. मी रंगाला भुललो असतो. मुंबईत मी गाडी नुसती चालवली, खाली कधी वाकून बघितली नाही.

राजापूरची मात्र दिसायला अगदी भिकार. हुडाला ठिगळं, एक दिवा मिचमिचा. मालक मंदाला म्हणाला, "वयनी, तुमी जरा बाजूला ऱ्हावा, अण्णांना बघू दे." ती म्हणाली, "अण्णा बघतायत ना मी काय बघते ता." तिथं जमलेली माणसं हसली. मीही हसलो. खालचे स्प्रिंगचे पाटे नवे घातलेले, डिझेल इंजिन बसवलेलं, चारही चाकं ओढतात. नदीतल्या गोट्यांवरून तिनं ती स्वतः फिरवून बघितली. हीच घ्यायची ठरलं.

परत येताना एस.टी.त ती हळूच म्हणाली, "मामंजी, आणायच्या दिवशी मी चालवू?" मी असा खेकसलो की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. म्हटलं, पंधरा वर्षं मुंबईत गाडी चालवली ती काय सुनेच्या शेजारी बसून घरी यायला? ती घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

आता खरं काय ते ऐक. तुला जे कधी सांगितलं नाही ते. मला चक्कर येते, इंदू. त्याच ऐंशी सालापासून. बागेत एकदा फांदीला धरून उभा राहिलो होतो, तुला म्हटलं पाय घसरला. क्षणभर डोळ्यांपुढे काही नसतं, मग सगळं जागेवर येतं. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. कुणालाही कळू दिलं नाही. ड्रायव्हर माणसानं हे कुणाला सांगायचं? आणि हे सगळं पोटात ठेवून उद्या मी मंदाला शेजारी बसवून घाटातून जीप आणणार होतो.

तर आज देवळात बाळा गुरवाला म्हटलं, जीपचा कौल लाव. तो म्हणाला, "परत कशाला? वयनीनी दोनदा इचारलानी ना तवाच!"

"दोनदा?"

"म्हंजे तुमाला ठाव नाय? देवीला गाऱ्हाणा मीच घातलंय. पयल्यांदा वयनी बोलल्या, हेंना चक्कर येते, कुणाला सांगत नाय, माला पण नाय. हे सवता गाडी चालवतील ता चालंल काय? डावी पडली. मंग परत इचारलानी, दुसऱ्यानं कुणी चालवली तर? हात जोडायच्या आधी उजवी पडली, अण्णानू."

मी विचारलं, मग मला अर्धंच का सांगितलं? बाळा म्हणाला, "मी बोल्लो तसा. तर बोलल्या, दुसऱ्यानं चालवायची म्हटली तर का म्हणून इचारतील, नि मंग हट्टानं सवताच बसतील. देवीनं नको म्हटलान तर ऐकतील. तेंचा मान ऱ्हाऊ दे."

देवळाच्या पायरीवर येऊन बसलो. आधी राग आला तो तुझाच. देवीचं उत्तर अर्धं गिळतेस? मला विचारायचं नाहीस? आणि मग उठून वाट उतरायला लागलो, तेव्हा पुढे कुणी नाही हे जाणवलं, आणि तुझी ती खोड कळली. चढताना मी मागे कोसळलो तर तू मागे. उतरताना पुढे कोसळलो तर तू पुढे. अगं, डोक्यावर भरलेली पाटी असताना तू मला कशी धरणार होतीस?

माझा मान राहावा म्हणून चार वर्षं पाट्या वाहिल्यास तू! मी तोंडानं एकदा म्हटलं असतं की मला चक्कर येते, तर उजवा कौल घरी आला असता. जीप असती, गड्यानं चालवली असती, तुझे गुडघे राहिले असते, आणि मांडवीला आपण सूर्य बुडेपर्यंत बसलो असतो. हे माझ्यामुळे झालं. देवीमुळे नाही, तुझ्यामुळे तर मुळीच नाही.

तुझ्यावर एकच राग राहिलाय. भांडायचं होतंस. मी ओरडलो असतो, आदळआपट केली असती, जेवलो नसतो. पण चौथ्या दिवशी ऐकलं असतं. बहुतेक.

मंदा चहा घेऊन आलीय. कप ठेवून विचारतेय, "मामंजी, काय झालं? कोणाला लिहिताय?" तिला बस म्हटलं. बसलीय समोर. सकाळी ती जीपसाठी हार गुंफायला झेंडू बघून आली, आणि मी तिच्याशी परवापासून धड बोललो नाही.

तुला शब्द देतो, हा कागद घडी करण्याआधी तिला चकरेचं सगळं सांगणार. प्रकाशला पण पत्र जाईल, आणि डॉक्टरांकडे ती म्हणेल त्या दिवशी जाईन. उद्या राजापूरला किल्ली तिच्या हातात. मी शेजारी बसेन आणि गाडी कशी चालवायची ते तिला शिकवणार नाही. हे सगळ्यात अवघड आहे, ते तुला कळेल. आणि पहिली फेरी बागेकडे नाही. आधी मांडवी. तुझं ते हिरवं लुगडं मागच्या बाकावर ठेवीन, आणि एस.टी.ची वेळ कुणी बघणार नाही.

उतारावर आता तुला माझ्यापुढे चालायला नको. तू बस आता.

जन्मभर तू ज्याला नुसतं 'अहो' म्हणालीस,
तो तुझा