शंभर टक्के शुद्ध

२६ जानेवारी, सकाळी ८
उन्हात टिकणाऱ्या टोमॅटोचं पाकीट फोडलं. वीस बिया. चाळीस डिग्रीतही फळ धरतं, असं वर छापलंय. रिटायर झाल्यावर लोक पेपर वाचतात. मी अंगणात वाण उभा करणार.
सोनूबाईला तीच जागा कपड्यांच्या दोरीला हवी. एमआयडीसीतल्या बियाणं कंपनीत तीस वर्षं टेबलाशी बसून बियाण्यातली भेसळ वेचली, पण हातानं एक झाड लावलं न्हाई, म्हणे. बायको असून! शेवटी ठरलं: अक्षय्य तृतीयेला घरचा टोमॅटो ताटात आला तर जागा माझी, न्हाई तर दोरी.

७ फेब्रुवारी
ओळीत अठरा उगवली. एकोणिसावं ओळ सोडून मोरीजवळ. नेतृत्वगुण.
भिंतीपलीकडची लाडबाई डोकावून म्हणाली, भाऊसाहेब, रोपं बढिया आली. नजर वाईट आहे बाईची.

१ मार्च
तपासणी. अठरा रोपं बुटकी, पानं दुमडलेली. मोरीजवळचं उंच, अगदी पाकिटावरच्या चित्रासारखं. म्हणजे अठरा भेसळ! मी रिटायर झाल्यावर कंपनीत तपासणीच्या टेबलाकडे कोण बघणार?
अठराही मुळासकट उपटून लाडबाईच्या अंगणात फेकली. तिथं कचरा शोभतो. सोनूबाई म्हणाली, अहो, एक-दोन तरी राहू द्या. एक भेसळ ठेवली की वाण मेला, हे मी तिला अर्धा तास समजावलं. ती मिरच्यांची देठं खुडत होती.

२८ मार्च
झाड कमरेएवढं. फुलं सत्तावीस. लाडबाईला ऐकू जाईल अशी मोजली.

१७ एप्रिल, दुपारी २
बेचाळीस डिग्री. फुलं गळतायत. झाड नको ती फुलं स्वतःच काढून टाकतंय. माझा गुण उतरला.
लाडबाईनं भिंतीलगत गोणपाट टांगलंय. माझं झाड बघवत नसणार.

२९ एप्रिल
फुलं शून्य. सोनूबाईनं नायलॉनची दोरी आणली. बाजारातला टोमॅटो फांदीला बांधायचा फक्त विचार केला. देठ तुटला.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया
सकाळीच लाडबाई दारात. टोपलीभर टोमॅटो. म्हणाली, तुम्ही भिंतीवरून रोपं दिली, मंग मी जल्दी लावून टाकली. गोणपाटाच्या सावलीत पंधरा जगली. आमचे हे तुम्हाला उगाच खडूस म्हणत होते. पहिला तोडा तुमच्या घरी.
सोनूबाईनं कोशिंबीर केली. ताटात घरचा टोमॅटो आला, हा मुद्दा मी मांडला. ती म्हणाली, बराबर, पण घर लाडबाईचं. आणि मोरीजवळचं झाड पाकिटातलं नव्हतंच. दिवाळीत तिथं तिनंच सडका टोमॅटो फेकल्ता. हे तिला फेब्रुवारीपासून माहीत होतं.
कोशिंबीर चांगली होती. पुन्हा मागितली नाही.
संध्याकाळी झाड उपटलं. दोरीच्या खांबाला खड्डा आयता मिळाला. लाडबाईनं पलीकडून विचारलं, अजून एक देऊन राह्यले का? या वेळी फेकलं नाही, हातात दिलं.
तिनं पानं उलटून पाहिली. म्हणाली, भाऊसाहेब, हे भेसळ दिसून राह्यलंय.