ते डकोटा अजून उभं आहे

११ जानेवारी २००९, रविवार

डकोटा विमान उभं आहे! पडलेलं नाही, जळालेलं नाही. कुठल्याशा शहरातल्या बागेत आपल्या चाकांवर उभं आहे आणि पंखाखाली पोरं लपाछपी खेळून राहिली आहेत.

नीट लिहिते.

मागच्या रविवारी मी यांचा जुना फोटो ग्रुपवर टाकला. जुन्या विमानांचे फोटो टाकणाऱ्यांचा इंटरनेटवरचा ग्रुप. रचना नोकरीला नागपूरला गेली तेव्हा घरी कॉम्प्युटर घेऊन दिला आणि ग्रुपात माझं नाव घातलं. "आई, तुला विमानं आवडतात ना?" आवडतात की नाही, माहीत नाही. पाहत राहते. आता पॅकेट आणि कॅरिबू ही विमानं तर नुसत्या सावलीवरून ओळखते. बाकी सगळे पुरुष. मला मॅडम म्हणतात.

फोटो लग्नाआधीचा. हे कामाची डांगरी घालून डकोटाला टेकून उभे, आणि शेपटीजवळचा नंबर स्वच्छ. खाली मी लिहिलं — माझे मिस्टर सेवकराम, एअरफोर्समध्ये फिटर होते. १९८५ साली आसामात याच विमानाच्या अपघातात गेले.

आज केशोराव सरांचं उत्तर आलं. नागपूरचे, बँकेतून रिटायर, ग्रुपमधले सगळ्यात जाणते. "मॅडम, काही गैरसमज होतो आहे. हे विमान कधी पडलंच नाही. त्यानंतरही उडत होतं. मी स्वतः पाहिलंय, सोबत फोटो देतो."

आमच्या देवरीचं नेट! फोटो वरून खाली हळूहळू उतरत होता. आधी आभाळ. मग विमानाची पाठ. मग पंख. मग नंबर — तोच. एकेक आकडा तोच.

मग चाकं, पंखाखालची पोरं. आणि लाइट गेली.

१२ जानेवारी

चौथीला बेरीज शिकवताना फळ्यावर तोच नंबर लिहून बसले. पोरं म्हणतात, "बाई, याच्या खाली काय मांडायचं?"

१४ जानेवारी

शाळेत तिळगूळ वाटला. गोड बोलायला तोंड कुठे आहे?

ग्रुपवर वाद पेटला आहे. रायपूरचे कोणी चुन्नीलाल लिहितात, बागेतल्या विमानांवर कोणताही नंबर रंगवून देतात, त्यावर भरवसा नको. वाचून जीव भांड्यात पडला. तसंच असेल! रंगाऱ्यानं चुकवला असेल! दुपारभर तेच धरून बसले. चार वाजता केशोराव सरांनी दुसरा फोटो टाकला. तेच विमान धावपट्टीवर, कडेला साल छापलेलं — १९८६.

मग रंगावर सुरू झाले. राखाडी की चंदेरी. नाकावरचं चिन्ह आधीचं की नंतरचं. उत्तरांवर उत्तरं. माणूस गेला म्हणून मी लिहिलं होतं, त्यावर एक शब्द नाही. संध्याकाळी केशोराव सरांनी वेगळं लिहिलं, "मॅडम, माफ करा. आम्ही विमानच पाहत बसलो."

पण मग हे कुठे गेले? कशात गेले?

१८ जानेवारी, रविवार

गोंदियाला जाऊन आले. भोजराज भाऊजींकडे.

विमान पडलं हे मला सांगणारे तेच. हे आणि भाऊजी एकाच तळावर, एकाच खोलीत राहायचे. यांच्या अस्थी आणि ट्रंक घेऊन कामठ्याला माझ्या माहेरी तेच आले होते. सरकारी कागदावर इंग्रजीत एवढंच होतं, ड्यूटीवर असताना विमान अपघात, आणि विमानाचा हा नंबर. बाकी सगळं भाऊजींच्या तोंडून ऐकलेलं — ढग, डोंगर, आग. माझी पेन्शन त्यांनी लावून दिली, डी.एड.ला त्यांनी पाठवलं, रचनाला सायकल त्यांनी शिकवली. सख्खा दीर एवढं करत नाही.

"जयभीम वहिनी! आज अचानक?" भाऊजी म्हणाले. त्यांच्या मिसेस अल्का वहिनींनी चहा ठेवला. मी छापून नेलेला फोटो टेबलावर मांडला. भाऊजींनी चष्मा लावला. पाहिला. मग उगाच चष्मा पुसत बसले.

"हा कुठून भेटला तुमाले?"

"ते सोडा. डोंगरात जळालं म्हणत होते ना तुम्ही?"

"कायले जुनं खोदून राहिल्या, वहिनी?"

"मले खरं सांगा."

मग फोटोकडे पाहतच बोलले, "विमान पडलंच नाही. जमिनीवरच होतं. इंजिन सुरू होतं. सेवक पंख्यात आला."

मला कळलंच नाही. "कोणत्या पंख्यात?" असं विचारलं मी! छताचा पंखा आला डोळ्यांपुढे. अल्का वहिनींनी माझा हात धरला, तेव्हा कळलं, विमानाच्या इंजिनाचा पंखा.

"फिरता पंखा दिसत नाही, वहिनी. नुसती हवा दिसते. तिथंच जाळावं लागलं त्याले, तुमच्यापर्यंत आणण्यासारखं..." फोटो उलटा करून ठेवला त्यांनी. "तुम्ही बाळंतीण. वीस वर्साची पोर. तुमाले काय सांगायला पाहिजे होतं मी? डोंगर सांगितला. डोंगर बरा वाटला."

मी म्हटलं, "हे फिटर होते. पंख्याजवळ कसं जायचं, हे यांना कळत नव्हतं?"

भाऊजी उठले, मागच्या नळावर गेले. पाण्याचा आवाज येत राहिला, ते आले नाहीत. "जा आता वहिनी, बस चुकेल," अल्का वहिनी म्हणाल्या.

१९ जानेवारी

माझा डोंगर गेला. इतकी वर्षं डोळे मिटले की हिरवा डोंगर, पांढरा ढग, आणि हे वरून कुठेतरी. आता मिटायची हिंमत नाही.

ग्रुप उघडला तर वरच एका विमानाचा फोटो. खाली कोणीतरी लिहिलेलं, "पंख्याचा गोल काय सुरेख पकडलाय!" असं मीही लिहिलं आहे कितीदा. सुंदर, अप्रतिम! कॉम्प्युटरची वायरच उपटली.

२१ जानेवारी

एक विचार येतो. लिहीत नाही.

२४ जानेवारी

लिहिते. ज्याला पंखा माहीत आहे तो पंख्यात जाईल कसा? स्वतःहून गेला तरच ना?

शेवटच्या पत्रात मी भांडले होते. आसामला येणार नाही, बाळ झाल्यावरही नाही, तुमची नोकरी तुम्हाला लखलाभ. त्याचं उत्तर आलंच नाही. भाऊजी नळावर का जाऊन बसले? ते अजून काय लपवून राहिले?

रचनाचा फोन होता. तिला पंख्याचं सांगितलं, पत्राचं नाही. आधी रडली, मग भडकली. "तेवीस वर्षं खोटं? आणि मी त्यांना काका म्हणते! त्यांना घरात घेऊ नकोस आई!"

पोरगी किती कडक बोलते. अगदी माझ्यासारखी.

२६ जानेवारी

झेंडावंदन. सरपंचांनी दरवर्षीसारखं "वीरपत्नी मंजूताई" म्हणून पुढे बोलावलं. शाल, नारळ. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एरवी मी झेंड्याकडे पाहते. आज चपलांकडे पाहत होते.

२९ जानेवारी

जेवण जात नाही. केशोराव सरांनी ग्रुपवर विचारलं, मॅडम बऱ्या आहेत ना?

अल्का वहिनींचा दोनदा फोन. उचलला नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी सकाळच्या बसनं आले. दाढी वाढलेली. या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच. "आधी ऐका. मंग घरात घ्याचं का नाही ते पाहा."

"कामठ्याची तार माझ्या हातात पडली. मी विमानाच्या या बाजूनं, सेवक त्या बाजूनं. दोन्ही इंजिनं सुरू. मी तार हालवली. ओरडलो, सेवक, पोरगी झाली रे! ऐकू गेलं का नाही, मले ठाऊक नाही. तार त्यानं पाहिली. रोज वळसा घालून येणारा माणूस, वहिनी... सरळ धावला."

मला एकच विचारायचं होतं. "तोंड पाहिलं होतं का यांचं?"

"हासून राहिला होता."

भाऊजींना हाताला धरून आत आणलं.

चहा उकळत होता तेवढ्यात रचनाचा फोन. म्हटलं, काका आले आहेत. तू झाल्याचं तुझ्या बाबांना कळलं होतं, ते सांगायला आले आहेत. मग अगदी लहान आवाजात, "खूश झाले होते?"

"खूप."

"आणि अपघात?"

भाऊजी माझ्याकडे पाहत होते.

मी म्हटलं, "तो दुसऱ्या दिवशी."