बूट घातलेली अक्षरं

प्रिय ठोकळ्या,

तू काढलेली नवी अक्षरं छापखान्यात आल्यापासून आमच्या जिवाला स्वस्थता नाही. जाडजूड, उजवीकडे कललेली, प्रत्येकाच्या पायात चौकोनी बूट. ही फक्त पाट्यांसाठी आणि मोठ्या मथळ्यांसाठी, बारीकसारीक मजकुराला लावू नका, असं तू बजावलं होतंस. पण छापखाना मी चालवत असले तरी मालक अजून बाबाच, हे तू विसरलास.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय आणि ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. डॉक्टर म्हणाले, अगदी साधं काम आहे. तर बाबांनी त्यांनाच विचारलं, मग तुम्ही तुमचं का नाही करून घेतलं. मी शरमेनं अर्धी झाले. यात तुझाही हात आहे बरं का. बाकी सगळं धूसर, पण तुझी अक्षरं त्यांना ठसठशीत दिसतात, मग डोळ्यांना हात कशाला लावायचा, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडून घरभर चिठ्ठ्या छापून घेतल्यात. डब्यावर ‘मीठ’ असं काही दणकून छापलंय की नुसतं वाचूनच भाजी खारट लागते. न्हाणीघरावरचं ‘कडी लावा’ वाचून पाहुणी आलेली आत्या आंघोळीलाच जाईना. म्हणाली, कुणीतरी अंगावर ओरडल्यासारखं वाटतं.

गेल्या आठवड्यात गल्लीतले शिंपीकाका वारले. निधनाच्या पत्रकाला मी नेहमीचं बारीक, सभ्य अक्षर लावलं. बाबांना ते वाचता येईना, म्हणून हट्टानं सगळा मजकूर तुझ्या अक्षरात लावायला लावला. ‘दुःखद निधन’ असं धावत सुटलं होतं की खाली ‘भव्य सूट’ लिहायची तेवढी राहिली. वाटलं, काकू आता पत्रक माझ्या तोंडावर फेकणार. त्यांनी कागद लांब धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, जन्मभर ह्यांचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही, आता तरी जाऊ दे. वर आणखी प्रती मागितल्या. तेव्हापासून बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, अक्षरं माझ्या मुलाची. तू छापखाना सोडून अक्षरं काढायला गेलास, तेव्हा ह्याच तोंडानं तुला काय काय ऐकवलं होतं, ते तुलाही पाठ आहे आणि मलाही.

काल जेवताना मात्र त्यांनी खोट काढलीच. सगळी निघायच्या घाईत दिसतात, म्हणाले. त्याला सांग, एखादं सरळ उभं राहणारं काढ, घरात जरा टेकेल असं. मी विचारलं, अक्षराबद्दलच बोलताय ना. ते उठून हात धुवायला गेले. परत आले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, डोळ्यांची पट्टी सोडतील तेव्हा समोर कोण असणार आहे. मी असेनच रे, पण माझं तोंड ते रोज बघतात. तू येणार असशील तर ते ऑपरेशन करून घेतील, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम मुंगीएवढ्या अक्षरात, कारण ते समोरच बसलेत. काय लिहितेस म्हणून विचारलं, तर मी कागदवाल्याला लिहितेय असं ठोकून दिलं. मग म्हणाले, कागदवाल्याला लिही, आलास की बूट दाराशी काढ आणि चार दिवस राहा.

तुझीच,
ताई