कोरं बँडेज

रविवार, १५ जानेवारी १९९५
दिघा, संध्याकाळ

आज वाशीला जिल्ह्याची हेवीवेट फायनल जिंकलो. एकही ठोसा न मारता. समोरचा आलाच नाही, म्हणून वॉकओव्हर. रेफ्रीने माझा हात वर केला तेव्हा मी ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळतो त्या बँडेजकडे बघत होतो. पार कोरं, घामाचा एक थेंब नाही.

आमचे कोच सर पेपरवाल्याला सांगत होते, "हात मोडून तीन वर्षं घरी होता हा. आला आणि डायरेक्ट चॅम्पियन. लिवा." मी मान डोलावली. का डोलावली?

सरांना खरं काय ते माहीत आहे. गेल्या महिन्यात त्यांच्यासमोरच सरावात माझ्याहून वीस किलो हलक्या गड्याने तीनदा माझं तोंड फोडलं. ठोसा येताना दिसतो मला. पण हात उठेपर्यंत तो लागलेला असतो. हाड जुळलं, टायमिंग नाही जुळलं. आमच्या वजनात माणसंच कमी, म्हणून नाव टिकलंय एवढंच.

आणि खरं लिहायचं तर, समोरचा येत नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं. पूर्वी असं झालं की मी दिवसभर चिडलेला असायचो.

घरी आल्यावर शोभाने मेडल टीव्हीवर ठेवलं. मग नेहमीसारखी बादली भरली. लग्न झाल्यापासून प्रत्येक फाइटनंतर माझं बँडेज तीच धुते. आज ते उचललं, नाकाशी नेलं, थांबली.

"हे धुवायला नको," म्हणाली, आणि गुंडाळून परत पिशवीत ठेवलं.